जनाईच्या ओट्यावर तुम्ही काय म्हणालात, नाना?

नाना,

तुम्ही गेल्याची बातमी जळगावला माझ्यापर्यंत आली ती एकसारखी आलीच नाही. धुळ्याहून आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, झोपेतच गेले. आमच्या हेडमास्तरांच्या कानावर होतं की खुर्चीत वाचत बसले होते, चष्मा तसाच डोळ्यांवर राहिला. आणि तुमच्या दारात पोचलो तेव्हा शेजारचे वकील म्हणाले, पाणी मागितलं, भांडं तोंडाला लावलं आणि मान कलली. प्रत्येकानं अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. आत तुम्हांला अजून उचललंही नव्हतं आणि मी दारात उभा राहून मनातल्या मनात विचारत होतो, यांतलं त्या खोलीत कोण होतं? मग माझा मलाच राग आला. ही काय वेळ आहे का, असं वाटलं. पण ही खोड मला लावली कोणी?

खोलीत फक्त काकू होत्या. त्यांना विचारायला जीभ रेटली नाही.

तुमच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. शाळेत शोकसभा झाली, भाषणं झाली. मला बोलायला सांगितलं तर मी घसा बसल्याचं निमित्त केलं. खरं म्हणजे मला काय बोलावं तेच कळेना. अजून कळत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलतो आहे.

धुळ्याच्या शाळेत मी इंग्रजी पाचवीत असताना एकदा तुम्ही लंगडत वर्गात आलात. आमच्या तुकडीला सांगितलंत, पांझरेच्या घाटावर पाय घसरला. मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीतली मुलं म्हणाली, छे, नानांना टांग्याचा धक्का लागला. आमची जुंपली. मारामारी व्हायची बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्यात आणि विचारलंत, "कोण खरं?" आम्ही ओरडलो, "आम्ही! तुम्ही स्वतः आम्हांला सांगितलंत." तेही तेच ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणजे ज्याच्या अंगावर बेतलं त्याच्याच तोंडून ऐकलं, तरी काम भागत नाही. मग काय करायचं?" एक जण म्हणाला, "टांगेवाल्याला विचारायचं." दुसरा म्हणाला, "घाटावर कपडे धुणाऱ्यांना." तुम्ही खूश झालात. पाय नेमका कशानं दुखावला ते मात्र कधीच सांगितलं नाहीत. पुढं मी मोठा झाल्यावर विचारलं तर म्हणालात, "आता माझ्याही नीट लक्षात नाही रे."

तुमच्या तोंडी कायम एक शेपूट असायचं. 'असं सांगतात', 'असं लिहिलेलं आहे', 'असं मला वाटतं'. काकू चिडायच्या. म्हणायच्या, "आमटी चांगली झाली आहे म्हणा की सरळ!" तुम्ही म्हणायचात, "चांगली झाली आहे, असं मला वाटतं." आम्ही मुलं हसून लोळायचो. पण परीक्षेत ते शेपूट विसरलेल्याला तुम्ही निम्मेच मार्क द्यायचात.

त्या वर्षी तुम्ही प्रत्येकाला आपापल्या गावची एक जुनी गोष्ट आणायला सांगितलीत. मी जनाईची आणली. दुसरी आणणार तरी कोणती? अनेरच्या काठच्या आमच्या गावात वेशीजवळ निंबाखाली जनाईचा दगड आहे. सत्तावनच्या बंडात सातपुड्यातले भिल्ल शिपायांपासून पळत आले, जनाईनं त्यांना घरातल्या धान्याच्या पेवात लपवलं, शिपायांनी दार ठोठावलं, तिनं उघडलं नाही, त्यांनी घर पेटवलं, ती आत जळून मेली. लोक अजून त्या दगडाला कुंकू लावतात. आणि ही जनाई म्हणजे माझ्या वडिलांची आजी. मी ही गोष्ट वर्गात छाती फुगवून सांगितली. तुम्ही म्हणालात, "दामू, ही गोष्ट मोठी आहे. मोठी आहे म्हणून तिच्याकडे नीट बघायला हवं. तुझ्या गावाला जाऊ."

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आम्हां काही मुलांना घेऊन आलात. शिरपूरपर्यंत मोटार, पुढं आमची बैलगाडी. आईनं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तुम्ही आलात याचं इतकं कौतुक की त्यांनी डोक्याला नवा रुमाल बांधला होता. जेवणं झाल्यावर ते ओसरीवर सांगायला बसले. "घर जयी गयं, माय जयी गयी, पन दार उघाडं नही." हे वाक्य ते नेहमीच हळू आवाजात म्हणायचे. त्यांच्या घरात आजीलाही मायच म्हणत.

तुम्ही फार सौम्यपणे विचारलंत, नाना. ते मला आजही कबूल आहे. "आबा, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"मना बापनी."

"तेव्हा ते केवढे होते?"

"व्हतीन पाच-सा वरीसना."

"त्या दिवशी ते घरातच होते का?"

"नही. चोपड्याले व्हतात. मामाना घर."

"मग त्यांना कोणी सांगितलं असेल?"

"गावनी."

"गावातल्या कोणी, काही नाव?"

आबांनी तुमच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं, आणि बैलांना पाणी पाजायचं आहे म्हणून उठून गेले. पाणी मीच थोड्या वेळापूर्वी पाजलं होतं.

पुढचे दोन-तीन दिवस आपण गावभर हिंडलो. कोणी म्हणालं जळाली, कोणी म्हणालं आगीतून निघाली आणि पुढं पटकीत गेली. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर एक भिल्ल म्हातारा भेटला. तो म्हणाला, तुमच्या गावानं आमच्या लोकांना आसरा दिला हे आमच्यात सांगतात, पण आसरा देणारा एक म्हातारा होता म्हणतात, बाईचं काही ऐकलं नाही. सरकारी छापील पुस्तकात तुम्ही आधीच पाहिलं होतं, त्यात आमच्या गावाचं नावच नव्हतं. एका मुलानं लगेच निकाल दिला, "म्हणजे घडलंच नाही." तुम्ही त्याच्यावर उखडलात. "घर जाळलं हे साहेब आपल्याच पुस्तकात कशाला लिहील? त्याच्या गप्प बसण्यालाही कारण असतं."

शाळा उघडल्यावर तुम्ही फळ्यावर रकाने आखलेत. खरं, खोटं, आणि मधे तिसरा, 'सिद्ध नाही'. जनाई तुम्ही त्या मधल्या रकान्यात लिहिलीत. मला शिव्या देण्यापेक्षा ते जास्त लागलं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आबांनी एकच विचारलं, "तुना मास्तर आम्हनी मायले खोटी म्हनस का?" मी म्हणालो, "खोटी नाही म्हणत, आबा. सिद्ध नाही म्हणतात." आबा म्हणाले, "त्याना अर्थ काय?" मला त्यांना समजेल असा अर्थ सांगता आला नाही. ते तुमचं नाव घेईनासे झाले. घरात तुमचा विषय निघाला की उठून जायचे.

पुढं चळवळीच्या दिवसांत ही गोष्ट धुळ्यात पसरली. बंडातल्या बाईला न मानणारा मास्तर म्हणजे सरकारचा माणूस, असं काही पोरं बोलू लागली. एका सकाळी तुमच्या दारावर शेण फेकलेलं होतं. मी तावातावानं म्हणालो, हे अमक्याचंच काम. तुम्ही बादली घेऊन दार धूत होतात. म्हणालात, "पाहिलंस का तू? नाही ना? मग नाव घेऊ नकोस." त्या क्षणी, नाना, मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं आणि तुमची चीडही आली. दोन्ही एकदम. तुमच्याबाबतीत मला नेहमी असंच होत आलं.

मी जळगावात शिक्षक झाल्यावर आपला खरा वाद सुरू झाला. मी सुट्टीत धुळ्याला आलो की आपण पांझरेच्या काठानं फिरायला जायचो आणि भांडायचो. मी म्हणायचो, "ज्यांच्याकडे लिहिणारा होता त्यांचंच सगळं सिद्ध होतं. भिल्लांकडे कोण होतं? जनाईकडे कोण होतं? तुमचे प्रश्न चांगले आहेत, पण ते कोणाच्या सोयीचे आहेत?" तुम्ही म्हणायचात, "अरे, मी कागदालाही तेच विचारतो. कोणी लिहिलं, कधी, कशासाठी, तो तिथं होता का. कागद पाहून मी कधी टोपी काढली आहे का?" मी म्हणायचो, "पण कागद जरा तरी उत्तर देतो. आबांचा बाप कुठून देणार?" यावर तुम्ही म्हणालात, "हा तुझा मुद्दा माझ्याजवळ राहू दे." तो तुमच्याजवळच राहिला.

आणि मग हा श्रावण. स्वराज्य आलं. आमच्या गावानं जनाईच्या दगडाभोवती ओटा बांधला आणि त्याच्या उद्घाटनाला बोलवायचं ठरवलं तुम्हांला! गावच्या शाळेच्या पाटील मास्तरांनी ते काढलं, कारण तेही तुमचेच विद्यार्थी. मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. तुमची तब्येत खालावली होती, दोन वाक्यं बोललात की खोकला यायचा. पण तुम्ही आलात. मी जळगावहून निघालो, पण वाटेत मोटार बिघडली आणि पोचायला उशीर झाला. सगळं गाव लोटलं होतं, डफ वाजत होता, पोरं झेंडे घेऊन पळत होती. मी मागंच उभा राहिलो. तुम्ही ओट्यावर चढलात, एका हातानं निंबाला धरलंत आणि जनाईची गोष्ट सांगितलीत. पेव, शिपाई, आग. सरळ सांगितलीत. शेपूट नाही. "जनाबाईंनी दार उघडलं नाही," असं म्हणालात. लोकांनी जयजयकार केला.

गर्दी सरल्यावर मी तुमच्याजवळ आलो. म्हणालो, "नाना, तिसरा रकाना?" तुम्ही हसलात. दम लागला होता. "बोलू आपण," म्हणालात, "सवडीनं. धुळ्याला ये." मी येणारच होतो. सहामाही परीक्षा उरकली की येणार होतो. त्याआधी तुमची बातमी आली.

तेराव्यानंतर मी काकूंना हे विचारलं. तुम्ही कसे गेलात ते नाही विचारलं, ओट्यावरचं हे विचारलं. त्या म्हणाल्या, "थकले होते ते. शेवटी शेवटी कोणाशी वाद नको असायचा. लोकांना आनंद होतोय तर होऊ दे, असं म्हणाले असतील." तुमच्या बरोबरीचे कुलकर्णी सर म्हणाले, "छे! नाना असे बोलायचेच नाहीत. त्यांना कुठून तरी नवा पुरावा मिळाला असणार." कोणता, ते त्यांना माहीत नव्हतं. पाटील मास्तर म्हणाले, "देश स्वतंत्र झाला. नानांनाही भरून आलं." मी प्रत्येकाचं ऐकलं आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे तोलून पाहिलं. काकूंना तुम्ही शेवटी निवांत झाला होतात असं हवं आहे. कुलकर्णी सरांना तुम्ही कधीच न चुकणारे हवे आहात. पाटील मास्तरांना ओटा हवा आहे. आणि मला काय हवं आहे? नदीकाठचा माझा मुद्दा तुम्हांला पटला, माझ्यामुळे तुम्ही बदललात, हे मला हवं आहे. फार हवं आहे. म्हणूनच माझ्या या उत्तरावर माझा सगळ्यांत कमी विश्वास आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पाटील मास्तरांनी मला गळ घातली. जनाईची हकीकत एका कागदावर सुवाच्य लिहून द्या, शाळेत भिंतीवर लावू, मुलं वाचतील. आणि खाली लिहा, नानांनी सांगितल्यावरून. ते म्हणाले, "नाना म्हणाले म्हणजे आता कोणी शंका घ्यायचा प्रश्नच नाही." हे तुमचा विद्यार्थी म्हणाला, नाना! कोण म्हणालं यापेक्षा त्याला ते कसं कळलं हे बघा, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाचंच नाव आता तोंड बंद करायला वापरायचं. आणि नाही म्हणावं तर कशाच्या जोरावर? तुम्ही ओट्यावर बोललात ना? तुम्ही पूर्वी 'सिद्ध नाही' म्हणाला होतात, असं मी लिहिलं तर तुम्ही खोटं बोललात असं होतं. ते न लिहावं तर मी लपवतो असं होतं.

काही सुचेना तेव्हा मी ते माझ्या वर्गापुढं ठेवलं. तुमचं नाव न घेता. एक शिक्षक होते, त्यांनी एकदा असं ठरवलं, पुढं तसं सांगितलं; आता आपण काय धरायचं? मुलांनी भराभर प्रश्न विचारले. दोन्हींच्या मधे किती काळ गेला? पहिल्या वेळी समोर कोण होतं आणि दुसऱ्या वेळी कोण? मग निर्मला नावाची मुलगी उठली. ती वर्गात फारशी बोलत नाही. म्हणाली, "पण सर, ते दुसऱ्या वेळी असं बोलले, हे आपल्याला कोणी सांगितलं?"

"मी स्वतः ऐकलं."

"तुम्ही कुठं उभे होता?"

"मागं. गर्दीच्या मागं."

"सगळं ऐकू येत होतं?"

मी "हो" म्हणालो. पण तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत येऊन बसलो आणि तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढं आणला. डफ वाजत होता. वारा होता, निंब सळसळत होता. कर्णा नव्हता. आणि तुम्हांला खोकला येत होता. 'दार उघडलं नाही' म्हणालात आणि खोकलात, हे मला आठवतं. खोकल्यानंतर ओठ हलले होते का? की जयजयकार आधीच सुरू झाला होता? 'असं हे गाव सांगतं' असं काही तुम्ही पुढं म्हणाला असाल आणि ते कोणाच्या कानावरच गेलं नसेल? आठवायला लागलो की हलतानाही दिसतात आणि मिटलेलेही दिसतात. मी 'तिसरा रकाना' म्हणालो तेव्हा तुम्ही का हसलात, तेही मग वेगळं वाटू लागलं. सापडलो म्हणून हसलात, की यानंही ऐकलं नाही म्हणून?

पाटील मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मी पोरांना गप्प करत होतो, शेवटचं नीट ऐकलं नाही. सरपणाच्या मोळ्या विकायला आलेली एक बाई पुढंच बसली होती, ती म्हणाली ऐकू आलं, पण तुमची शहरातली बोली तिला कळली नव्हती. सगळ्यांत पुढं, ओट्याला टेकून उभे होते आमचे आबा.

म्हणून मागच्या रविवारी गावी गेलो. आबा कापसाच्या वेचणीवर होते. बांधावर त्यांच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आबा, त्या दिवशी नानांनी नेमकं काय सांगितलं? दार उघडलं नाही, याच्यानंतर काय म्हणाले?"

आबा ओटीतला कापूस पसरलेल्या धोतरावर ओतत होते. म्हणाले, "माले काय माहीत? मी ते रडी रायंतू."

माझे वडील रडत होते हे मला माहीत नव्हतं. मी मागं होतो, मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. शाळेत कागद लावायचा आहे. मी लिहिलं तर गाव सांगतं ते लिहीन, पाड्यावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं तेही लिहीन, आणि आजोबा त्या दिवशी चोपड्याला होते हेही मला लिहावं लागेल. हे बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते उठून जातील अशी माझी खात्री होती.

आबा उठले नाहीत. बोटातला काटा काढत बसले. मग म्हणाले, "लिख. चोपड्यानं बी लिख. पन खाले मनं नाव टाक. मी सांगं म्हनीसन टाक. कोन्ही इचारं ते मन्हाकडे धाड."

"आणि नानांचं नाव टाकायचं का?"

"ते माले काय इचारस," आबा म्हणाले, "त्यासले इचार." आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

कागद लिहून झाला, नाना. पाटील मास्तरांना तो लांब वाटतो, पण त्यांनी घेतला. खाली आबांचं नाव आहे. तुमच्याबद्दल एवढंच लिहिलं आहे की ओटा झाला त्या दिवशी नाना इथं बोलले. ते शेवटी काय म्हणाले, हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. दोनदा खोडून पाहिलं. दुसरं वाक्य मला सुचलं नाही.